पेरू देशाचा चार्ज

पेरू या देशाशी माझं काडीचंही नातं नाही. फळ नव्हे, देश, दक्षिण अमेरिकेतला. मी उदगीरचा, नोकरीला कतारमध्ये, राहायला अल वक्रात. त्या देशात मी कधी गेलो नाही आणि या जन्मात जाईन असंही वाटत नाही. तरी तिथला राष्ट्राध्यक्ष बदलला की माझा फोन वाजायला लागतो. तिकडची रात्र ती आमची सकाळ, त्यामुळं नेमका मी दाढी करत असतो. जुन्या शिफ्टमधला कुणी बातमी पाठवतो, कुणी नुसताच हसण्याचा चेहरा. अल खोरला राहायला गेलेला एकजण तर सरळ फोन करून विचारतो, साहेब, तुमचा पेरूवाला गेला की, आता कोण? आणि लाज वाटायची गोष्ट अशी की आता कोण ते मला ठाऊक असतं. हे सगळं चाचांमुळं.

चाचा म्हणजे मेसईदच्या गॅसच्या प्लांटमधले आमचे शिफ्ट इन्चार्ज. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. उभी हयात कतारमध्ये काढलेली. बारकी चण, पांढरी दाढी, हेल्मेट कायम मागं सरकलेलं आणि शर्टाच्या खिशात खडीसाखर. अरब, फिलिपिनो, मल्याळी, सगळे त्यांना चाचाच म्हणत. इंग्रज मॅनेजर एकदा 'मिस्टर चाचा' म्हणाला, तेव्हापासून कागदोपत्री नाव कुणाला आठवेनासं झालं.

आमच्या धंद्यात वेळ संपली म्हणून उठून जाता येत नाही. प्लांट अष्टौप्रहर चालू. पुढच्या शिफ्टचा माणूस येतो, जाणाऱ्याकडून कुठं काय चाललंय ते समजून घेतो, मगच जाणारा जातो. बाकीचे याला हँडओव्हर म्हणत आणि चहाचा कप संपायच्या आत उरकत. चाचा त्याला चार्ज म्हणत आणि त्यांचा चार्ज म्हणजे लग्नाची बोलणी. दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. मोबाइल लांब ठेवायचा. त्यांनी सगळं सांगायचं, मग येणाऱ्यानं ते सगळं आपल्या तोंडानं परत सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "घेतला चार्ज." मराठीत. फिलिपिनो असो की सुदानी, हे दोन शब्द त्याला यायलाच पाहिजेत. ते कानावर पडल्याशिवाय चाचा खुर्चीतून उठत नसत. बाहेर कंपनीची बस हॉर्न मारून मारून दमायची.

पहिल्या दिवशी मी कॉम्प्युटरवरच्या नोंदी वाचल्या, ओके चाचा, बघितलं सगळं, म्हणालो आणि चहा आणायला उठलो. त्यांनी माझी बाही धरून मला खाली बसवलं. कॉम्प्युटरनं सांगितलं असेल, मी कुठं सांगितलंय अजून, म्हणाले. मग सुरू झाले. कुठला पंप कुरकुरतोय, कुठला काटा खोटं दाखवतोय, हे झालं. मग म्हणाले, चहाच्या किटलीचं झाकण सैल आहे, ओतताना बोटानं धर. कंट्रोल रूमच्या पॅनलवर बसणाऱ्या फिलिपिनोचं लग्न मोडलंय, आज त्याची चेष्टा करू नकोस. बसड्रायव्हरच्या आईचं पेशावरला ऑपरेशन आहे, गाडी उशिरा आली तर त्याला बोलू नकोस. हे सगळं मला पाठ म्हणून दाखवायला लावलं. मी मनात म्हटलं, म्हातारा खुळाय. पुढं ते त्यांच्या तोंडावरही बऱ्याचदा म्हटलं. ते हसायचे आणि म्हणायचे, खुळा तर खुळा, किटलीचं राहिलं, ते सांग.

हा रोग प्लांटपुरता असता तर चाललं असतं. एकदा एशियन टाउनच्या थिएटरात ते सिनेमाला गेले. मध्यंतर झालं आणि ड्यूटीवर या असा फोन आला. चाचांनी शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी नेपाळी माणसाला स्वतःचा नंबर दिला आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं की पुढचं त्यानं बघायचं आणि कळवायचं. त्या भल्या माणसानं खरोखर फोन केला. कंट्रोल रूममध्ये उभं राहून चाचांनी शेवट ऐकला, त्याला दोनदा शुक्रन, म्हणजे धन्यवाद, म्हटलं आणि आम्हाला सांगितलं की हिरो वाचला. न्हाव्याकडं गेले की उठताना पुढच्या गिऱ्हाइकाला सांगून येत, डाव्या कानामागं कात्री टोचते, सांभाळ. न्हावी तिथंच उभा असायचा.

आता पेरू. प्लांटचं मोठं शटडाउन होतं, म्हणजे सगळं बंद ठेवून दुरुस्तीचं काम. त्यासाठी परदेशातून इंजिनियर आले होते, त्यातला एक पेरूचा. चाचांच्या शेजारीच त्याला टेबल मिळालं. चाचांचं इंग्रजी प्लांटचं: ओपन, क्लोज, लीक, नो लीक. त्याचं बरं होतं, तरी चाचांना उमगत नसे. पण दोघांचं जमलं. चाचा त्याला खडीसाखर देत, तो चाचांना भाजलेल्या मक्याचे खारे दाणे देई. एका दिवशी तो डोकं धरून बसलेला. चाचांना वाटलं, घरचं कुणी गेलं बिचाऱ्याचं. त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मला हाक मारली. मी विचारलं तर तो म्हणाला, आमच्या संसदेनं राष्ट्राध्यक्षाला काढून टाकलं.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. चाचा मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी मला विचारायला लावलं, मग चार्ज कुणाकडं आहे? पेरूवाल्यानं खांदे उडवले. आता या मिनिटाला, म्हणाला, मला नाही माहीत.

चाचांचा चेहरा मी विसरणार नाही. "आखा देश चालू हाय," ते म्हणाले, "आनि पॅनलवर मानूस नाय?"

त्या दिवशी त्यांनी दर तासाला येऊन मला फोन बघायला लावला. कुणीतरी शपथ घेतल्याची बातमी आली तेव्हा कुठं जेवले. पुढं पेरूवाल्याकडून कळलं की हे तिकडं नेहमीचंच आहे, एकदा तर आठवडाभरात तीन राष्ट्राध्यक्ष झाले होते. चाचा म्हणाले, तिघांपैकी एकानंही दुसऱ्यासमोर बसून काही सांगितलं नसणार. मी लिहून देतो, म्हणाले.

शटडाउन संपलं. जाताना पेरूवाल्यानं चाचांना मिठी मारली आणि गमतीनं म्हणाला, मिस्टर चाचा, आता माझ्या देशाकडं तुम्हीच लक्ष ठेवा. मी भाषांतर केलं आणि हसलो. चाचा हसले नाहीत. असा उभ्याउभ्या चार्ज नसतो, म्हणाले, आणि दोन खुर्च्या ओढल्या. तो बापडा बसला. मी मधे दुभाष्या. आधी त्यालाही गंमत वाटत होती. मग तो सांगायला लागला. त्याची आई कुठल्या डोंगरातल्या गावात राहते, तिथं बटाट्याचे किती रंग असतात, निवडणुकीला रांगेत उभं राहायला ती अजून नवी शाल पांघरून जाते. आणि म्हणाला, पूर्वी सरकार पडलं की आम्ही भांडायचो, रडायचो, आता लोक टीव्ही बंद करून झोपतात, त्याची मला भीती वाटते. चाचांनी सगळं ऐकलं. बटाट्यापासून आईच्या शालीपर्यंत सगळं परत सांगितलं. मग म्हणाले, "घेतला चार्ज." त्या माणसाचे डोळे भरून आले. मलाही काय झालं कुणास ठाऊक, मी खिडकीकडं बघत बसलो.

तेव्हापासून चाचा पेरूचं बघायला लागले. नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी ज्याच्या-त्याच्या तोंडावळ्यावरून आपल्या मोहल्ल्यातली माणसं शोधली. एक टेलर, एक कंडक्टर, एक पोस्टमास्तरीण. टेलर गेला, कंडक्टर आला, असं ते सकाळी चहाला सांगत आणि नव्या पोरांना वाटे, यांच्या गावची ग्रामपंचायत पडली. शपथविधीचा व्हिडिओ मला लावायला सांगत. भाषण कळायचं नाही, ऐकायचेही नाहीत. नव्या माणसाच्या अंगावर लाल-पांढरा पट्टा चढला की बोट ठेवून विचारायचे, जुना कुठाय, दाखव जरा. जुना बहुतेक नसायचाच. चाचा चुकचुकत आणि त्या पेरूवाल्याला निरोप पाठवत, टेन्शन नको घेऊ, आम्ही बघतोय. तिकडून हात जोडल्याचं चित्र यायचं.

त्यांचं म्हणणं असं की माणसं वाईट म्हणून पडत नाहीत. देणारा रागात असतो आणि घेणारा घाईत. मग कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते नव्याला कोण सांगणार?

आता खरं सांगायचं ते हे की सगळ्या जगाचा चार्ज नीट देणाऱ्या-घेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरी जायचं नव्हतं. साठी उलटून गेली होती. कंपनी दर वर्षी मुदत वाढवायची आणि लोक त्यांचं अभिनंदन करायचे. मला राग यायचा. गावी चाची एकट्या, मुलगी चिपळूणला दिलेली, आणि हे इथं दुसऱ्यांच्या किटल्या सांभाळत बसलेत. सुट्टीला जायचे तेही आठ-दहा दिवस आधीच परत यायचे. काय म्हणे, इकडं जीव लागून राहतो. मी एकदा चिडून म्हटलं, चाचा, तुम्हाला घर नकोय का काय?

चाचा पुढच्या शुक्रवारी आमच्याकडं जेवायला आले. माझ्या बायकोनं गावाकडून आणलेल्या बाजरीच्या पिठाची भाकरी केली होती. आम्ही सगळे वक्राच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. माझी पोरगी शिंपले गोळा करत होती. चाचा समुद्राकडं बघत, मी काही न विचारता, बोलायला लागले.

"मी पावना हाय त्या घरात," ते म्हणाले. "मी गेलो की ती नवी चादर काढते. चांगल्या बशा काढते. मीठ खं ठेवलाय ता मना म्हायती नाय. पोरीचं लगीन तिनं केलं. विहीर तिनं खणवली. माझ्या बापाला शेवटचं पानी तिनं पाजलं. त्या घराचा चार्ज मी कधी घेतलाच नाय, उदगीर. आता मागू कुठल्या तोंडानं?"

मला ते कायम गावाच्या नावानंच हाक मारत. माझ्या बायकोनं पदरानं डोळे पुसले. पोरगी शिंपले घेऊन आली आणि विचारायला लागली, पप्पा, व्हाय इज पेरू अंकल सॅड? तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र इंग्रजीच येतं. चाचांनी तिचे शिंपले हातात घेतले आणि प्रत्येकाचं कोकणातलं नाव सांगितलं.

शेवटी एका वर्षी कंपनी म्हणाली, खलास, आता मुदतवाढ नाही. त्यांची खुर्ची मला दिली. त्यांनी मला जो चार्ज दिला तो महिनाभर पुरला. पाइपन् पाइप हिंडून दाखवला, कुठल्या वळणावर कोण घसरून पडला होता ते सांगितलं. शेवटच्या दिवशी दोन खुर्च्या मांडून बसलो. मी सगळं म्हणून दाखवलं. घेतला चार्ज, म्हणालो. ते उठेनात.

"आनि पेरू," म्हणाले.

मी म्हटलं, चाचा, प्लांट घेतला, किटली घेतली, माणसं घेतली, पेरू मी घेणार नाही. ते म्हणाले, मग मी उठत नाय. बाहेर हॉर्न वाजत होता. त्यांचं विमान होतं. खरं तर तो म्हातारा पेरूसाठी अडून बसला नव्हता, उठलं की घरी जावं लागणार म्हणून बसला होता, हे मला दिसत होतं. मी पेरू घेतला. टेलर, कंडक्टर, पोस्टमास्तरीण, डोंगरातली आई, बटाटे, सगळं. मग ते उठले. त्यांना बसपर्यंत सोडून आलो, आणि त्या रिकाम्या खुर्चीत मी तो दिवस काही बसलो नाही.

आठवड्यानं फोन आला. आवाज पडलेला. म्हणाले, उदगीर, घोटाळा झाला.

घोटाळा असा. घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी चाचांनी पडवीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. चाचींना बोलावलं आणि सांगितलं, बस, आता मी कायमचा आलोय, मला घराचा चार्ज दे. आयुष्यभर पोटाशी धरलेलं वाक्य त्यांनी मोठ्या हिमतीनं एकदाचं बोलून टाकलं. पण चाचींनी काही प्लांट बघितलेला नव्हता. त्यांनी त्याचा अर्थ काय घ्यावा? इतकी वर्षं एकटीनं घर ओढलं आणि हा माणूस विमानातून उतरून म्हणतोय, ऊठ, आता मी बघतो. घ्या, तुमचंच हाय, एवढंच म्हणून त्या उठल्या. आणि त्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट चाचांना विचारायला लागल्या. कालवणात मीठ किती टाकू? कोंबड्या कधी कोंडू? शेजारी बारसं आहे, काय न्यायचं? चाचांना एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. घर ठप्प. दोन दिवस तर त्यांनी पेज खाऊन काढले.

"मी चार्ज मागितला," चाचा म्हणाले, "तिनं राजीनामा दिला."

मला हसू आवरेना. माझ्या बायकोनं फोन हिसकावून घेतला आणि चाचांची चांगली कानउघाडणी केली. चाचा, तुम्ही त्यांना खुर्चीवरून उठवलंत हो, म्हणाली, असं कुणी करतं का? मी फोन परत घेतला. मग मला सुचलं ते मी बोललो. चाचा, म्हटलं, तुम्ही इन्चार्ज म्हणून घरात शिरलात, तिथंच चुकलं. नवीन पोरगा येतो तेव्हा त्याला काय करायला लावता? ते हळूच म्हणाले, पाठीमागं उभा करतो. हात पाठीशी, बटनाला हात नाय लावायचा, नुसता बघायचा. मी म्हटलं, मग?

चाचा म्हणाले, इन्शाल्ला.

त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. आले की बातम्या असायच्या. आज नारळ सोलले, चार फुकट गेले. आज विहिरीच्या पंपाला तिनं हात लावू दिला. मीठ सापडलं. मी इकडं पेरूचं काही सांगायला गेलो की म्हणायचे, ते तू बघ, मना वेळ नाय, मासेवाली आली. मला बरं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

गेल्या सुट्टीत उदगीरला जायच्या आधी मी वाट वाकडी करून त्यांच्या गावाला गेलो. पोचलो तर दारात रिक्षा उभी आणि चाचींची पिशवी भरलेली. चिपळूणला मुलीचं दुसरं बाळंतपण होतं, त्या दीड महिना तिकडं राहणार होत्या. मला बघून म्हणाल्या, तुम्हीच काय उदगीर, बसा, चहा हे करतील. चाचा चहा करायला आत गेले. साखर, पावडर, गाळणं, कशासाठीही त्यांना हाक मारावी लागली नाही. मी ऐकत होतो.

चहा झाला. रिक्षावाला घाई करत होता. चाचींनी त्याला थांब म्हटलं. मग त्या पडवीत गेल्या, आपल्या हातानं दोन खुर्च्या ओढून समोरासमोर मांडल्या आणि चाचांना म्हणाल्या, "बसा."

चाचा बसले. गुडघ्यावर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे. चाची सांगायला लागल्या. काळ्या कोंबडीला वेगळं कोंडायचं, ती बाकीच्यांना टोचते. विहिरीचा पंप पाच मिनिटं चालला की जरा बंद ठेवायचा. पलीकडच्या घरातल्या म्हातारीचा पोरगा तिच्याशी बोलत नाही, संध्याकाळी तिच्याकडं जाऊन थोडं बसायचं, पोराचा विषय काढायचा नाही. मी उंबऱ्याशी उभा होतो. चाचा मान हलवत होते, ओठ पुटपुटत होते.

"आनि पुढच्या दाराला रात्री कडी घालीत जा," चाची म्हणाल्या. "मी इतकी वर्षं घातली नव्हती. नुसता लोटून ठेवायची."

"का?"

"तुम्ही न सांगता आलात तर, म्हणून," त्या म्हणाल्या. "आता घाला. आता मानूस घरात हाय."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. चाची चाचांकडं बघत बसल्या होत्या, त्यांनी सगळं परत म्हणून दाखवायची वाट बघत. चाचांनी कोंबडीचं सांगितलं, पंपाचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं, आणि तिथं अडले. दाढीवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"कडीचा तेवढा मी नाय घेत," ते म्हणाले. "दीड महिना दार लोटलेलाच राहील. तू न सांगता आलीस तर?"